‘सध्या’ बीएस्सी

आईबाबांनो,

बारावीचे निकाल लागले की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात प्रवेशाचं टेबल लागतं. त्या टेबलामागं बसायची पाळी बहुतेक वर्षी माझ्यावर येते. गुणपत्रिका, लिव्हिंग, आधार, जातीचा दाखला असे कागद तपासता तपासता समोरची माणसंही थोडीफार वाचता यायला लागतात. गेल्या वर्षी एक बाबा मुलीला घेऊन आले. फाइल टेबलावर ठेवली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "मॅडम, पोरीला सध्या बीएस्सीला टाकतोय बघा. पुढच्या साली नीटला परत बसवायची हाय."

मुलगी शेजारी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी तिला विचारलं, "विषय कोणते घेणार?" तिनं बाबांकडं पाहिलं, बाबांनी माझ्याकडं. "कुठले बी घाला मॅडम, सध्याच हाय."

त्या दिवशी मी गंमत म्हणून मोजायला लागले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो ‘सध्या’ अकरा वेळा कानांवर पडला.

या बाबांना नावं ठेवायला म्हणून लिहीत नाहीये. नावं ठेवायची तर आधी स्वतःलाच ठेवावी लागतील. सव्वीस वर्षं मी बीएस्सीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतेय. माझं घर या पदवीवर चालतं. तरी माझ्या स्वतःच्या लेकीनं बारावीनंतर "मला मायक्रोबायोलॉजी घ्यायचंय" म्हटलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याच वर्षी पुतण्याच्या लग्नात एका मावशींनी विचारलं, "काय करते गं लेक?" मी पटकन म्हणून गेले, "सध्या बीएस्सी करतेय." लेक माझ्या मागंच उभी होती. परतताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "आई, सध्या म्हणजे कधीपर्यंत?"

मला उत्तर देता आलं नाही. आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ती त्या प्रश्नामुळं.

‘सध्या’ म्हणून आलेलं मूल वर्गात कसं बसतं, ते मी रोज बघते. ते शेवटच्या बाकावर असतं, वहीच्या खाली नीटचा प्रश्नसंच. प्रॅक्टिकलला येतं ते हजेरीपुरतं. जर्नल मैत्रिणीचं बघून उतरवतं. दिवाळीच्या आसपास पहिल्या सेमिस्टरची परीक्षा येते तेव्हा ना इकडची तयारी, ना तिकडची. निकाल लागला की दोन विषयांत केटी, म्हणजे ते विषय राहिलेले. आता पुढच्या वर्षी नीटमध्ये जमलं तर ठीक. नाही जमलं, तर हे मूल एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, येतं ते पाया कच्चा ठेवून, आणि मनात एक गोष्ट पक्की करून: आपण उरलेल्या जागेवर बसलोय. ही गोष्ट त्याला वर्गात कुणी शिकवलेली नसते. ती त्याला घरातल्या एका शब्दातून कळलेली असते.

नीट परत द्यायचीच असेल तर खुशाल द्या. फक्त ती उघडपणे, तारीख ठरवून द्या. मुलाबरोबर बसून ठरवा, की हा शेवटचा प्रयत्न, त्याच्या निकालानंतर हा विषय घरात निघणार नाही. आणि तोवर कॉलेजची प्रॅक्टिकल्स बुडवायची नाहीत. पुढं वाट बदलली तरी केलेलं काम वाया जातंच असं नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासाचा हिशेब क्रेडिटमध्ये होतो आणि ती क्रेडिट मुलाच्या नावावर ‘अ‍ॅकॅडमिक बँक’मध्ये जमा होतात. ठरवून दिलेलं कौशल्याचं काम पुरं केलं, तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन थांबता येतं. तिसऱ्या वर्षाला पदवी, चौथ्या वर्षाला ऑनर्स. म्हणजे दार बाहेर पडायलाही आहे आणि परत आत यायलाही आहे. त्या दारातच तीन वर्षं उभं राहू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता आत काय चालतं ते सांगते, कारण बऱ्याच पालकांनी प्रयोगशाळा बाहेरूनच पाहिलेली असते.

एफवायचं अगदी पहिलं प्रॅक्टिकल धरा, टायट्रेशन. उभ्या काचेच्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, अल्कली भरायची. पिपेटनं मोजून १० मिली अ‍ॅसिड खालच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. मग डाव्या हातानं ब्युरेटची तोटी सोडायची आणि उजव्या हातानं फ्लास्क हलवत राहायचं. बराच वेळ काही होत नाही. मग थेंब पडतो तिथं गुलाबी झाक येते आणि विरते. परत येते, परत विरते. आणि एका थेंबाला सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तो थेंब हवा असतो. त्याच्या पुढं दोन थेंब गेले की राणी कलर होतो, आणि सगळं पहिल्यापासून. आधी एक अंदाजाचं पायलट रीडिंग, मग तीन नीट. त्यातली जुळणारी रीडिंग मिळाली की जर्नलमध्ये सी.बी.आर. म्हणून लिहायचं. ऐकायला दहा मिनिटांचं काम. नव्या मुलाला अख्खी दुपार लागते.

मी एफवायला होते तेव्हा माझ्या ब्युरेटची तोटी गळकी होती. दोनदा राणी कलर झाला. वेळ संपत आली. शेजारणीचं रीडिंग ९.८ आलं होतं. मी माझ्या वहीत लिहिलं: ९.७, ९.८, ९.८. पहिलं ९.७ लिहिलं ते खरं वाटावं म्हणून! सरांनी वही बघितली, माझ्या बाटलीवरचा नंबर बघितला आणि शांतपणे म्हणाले, "बाळ, तुझी बाटली सात नंबरची. हिचं उत्तर साडेबाराच्या आसपास येतं." प्रत्येकाला वेगळ्या तीव्रतेचं अ‍ॅसिड दिलेलं असतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सर रागावले नाहीत. तोटीला व्हॅसलीन लावून दिलं, स्टूल ओढून बसले, आणि लॅबचे मामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभे असताना मी सगळं परत केलं. १२.६ आलं. त्या आकड्याइतका आनंद मला पुढं एमएस्सीच्या निकालाचाही झाला नाही.

खोटं का लिहिलं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. माझे वडील एसटीत कारकून होते, साधे आणि मायाळू. पण घरी आल्यावर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "किती पडले?" चुकलेल्या प्रयोगाला त्या प्रश्नात जागाच नव्हती. वहीत सुबक आकडा असला की घरात सगळं सुबक. विज्ञानाचं शिक्षण मात्र ज्या दिवशी आकडा जुळत नाही, त्या दिवशी खरं पुढं सरकतं. का जुळला नाही? तोटी गळली, नळीत हवेचा बुडबुडा राहिला, डोळा रेषेच्या वर होता, की द्रावणच चुकीचं केलं? हे शोधायची सवय लागणं म्हणजेच बीएस्सी होणं. ही सवय कारखान्याच्या लॅबमध्ये कामी येते, दवाखान्याच्या लॅबमध्ये कामी येते, आणि शेतातली माती तपासून घेतानाही उपयोगी पडते.

म्हणून संध्याकाळी मूल घरी आलं की एखाद दिवस वेगळं विचारून बघा: "आज लॅबमध्ये काय बिघडलं?" पहिल्यांदा ते तुमच्याकडं संशयानं बघेल. बघू द्या.

मराठी शाळेतून आलेल्या मुलांबद्दल थोडं अधिक बोलायचंय, कारण आमच्या तालुक्यात बहुतेक मुलं तीच. अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीत येतं. ती दोन वर्षं क्लासच्या नोट्स पाठ करून निघून जातात. बीएस्सीला तोंडी परीक्षा सुरू होते आणि पाठांतर उघडं पडतं. एकदा व्हायवाला मी एका मुलाला सॉल्व्हंट म्हणजे काय ते इंग्रजीत विचारलं. तो मान खाली घालून उभा. मी म्हटलं, "बरं, द्रावक म्हणजे काय रे?" मुलानं मान वर केली आणि द्रावण, द्राव्य, द्रावक तिन्ही घडाघडा सांगितलं, वर चहाचं उदाहरण दिलं. साखर द्राव्य, पाणी द्रावक, आणि चहापत्ती गाळून टाकतो ती विरघळत नाही म्हणून. ज्ञान त्याच्याकडं सातवी-आठवीपासून होतं. फक्त नव्या नावानं हाक मारल्यावर ते ओ देत नव्हतं.

इथं घरातल्यांचा फार उपयोग होतो, विशेषतः ज्या आया मला म्हणतात, "मॅडम, आम्हाला काय कळतंय त्यातलं!" तुम्हाला कळत नाही हेच भांडवल आहे. मुलाला सांगा, आज जे शिकलास ते मला आपल्या भाषेत समजावून दे. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते ते सांग. त्याला सांगता आलं पाहिजे, की आतली वाफ कोंडल्यानं दाब वाढतो, त्यामुळं पाणी १०० अंशांच्या जागी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि डाळीला जास्त उष्णता मिळते. सांगता सांगता ते अडखळलं, तर नेमकं कुठं समजलं नाही हे त्याचं त्यालाच कळेल. माझ्या एका विद्यार्थिनीनं संपूर्ण थर्मोडायनॅमिक्स आजीला भाकरी थापताना सांगून पक्कं केलं. आजीला त्यातलं किती उमगलं ठाऊक नाही. मुलगी मात्र व्हायवाला अडली नाही.

गुणांचंही सांगून ठेवते, म्हणजे धक्का बसणार नाही. बारावीला ऐंशी टक्के पडलेलं मूल पहिल्या सेमिस्टरला पन्नासावर येऊ शकतं. एखादी केटीही लागते. त्या दिवशी घरात सुतक पाळू नका. केटी सुटते. अबोला धरला तर तो लवकर सुटत नाही. दोन सेमिस्टर झाल्यावरही मूल रोज सकाळी कॉलेजला जायचं टाळत असेल, जेवत नसेल, मित्रांत जात नसेल, तर मात्र गुणांचा विषय बाजूला ठेवा आणि नीट चौकशी करा. विषय चुकला असेल तर बदलता येतो. मनाचं दुखणं असेल तर डॉक्टर आहेत.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. बीएस्सी करून पुढं काय? पोट भरतं का?

खोटी आशा दाखवणार नाही. नुसती पदवी हातात घेऊन, बाकी काही न येता बाहेर पडलेल्या मुलाला एमआयडीसीतल्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला केमिस्टची नोकरी मिळू शकते, पण सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो आणि रात्रपाळी चुकत नाही. त्याच मुलाला यंत्र स्वतः चालवता येत असेल, एक्सेलमध्ये आकडे मांडता येत असतील, थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल आणि चार ओळींचा रिपोर्ट सरळ लिहिता येत असेल, तर गोष्ट बदलते. हे सगळं पदवीच्या काळातच शिकायचं असतं. बीएड करून शिक्षक होता येतं, एमसीए-एमबीएकडं वळता येतं, एमपीएससी-यूपीएससीला बसता येतं. हे रस्ते तुम्हाला माहीत असतात. जे माहीत नसतात ते सांगते.

तिसऱ्या वर्षाला असताना मूल ‘जॅम’ची परीक्षा देऊ शकतं. ही परीक्षा फेब्रुवारीत होते आणि तिच्या जोरावर आयआयटीत एमएस्सीला प्रवेश मिळतो. होय, आयआयटीचं दार बारावीनंतर बंद होत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रवेश परीक्षेतून बीएस्सीनंतर थेट पीएचडीच्या एकत्रित अभ्यासक्रमाला जाता येतं. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथं ‘नियस’ नावाचा कार्यक्रम खास पदवीच्या मुलांसाठी चालतो. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. त्यात मूल दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतं आणि वर त्याला विद्यावेतन मिळतं. गणिताच्या मुलांसाठी ‘एमटीटीएस’ची उन्हाळी शिबिरं १९९३पासून चालू आहेत. आणि आता चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर एमएस्सी न करताही पीएचडीला अर्ज करता येतो.

पीएचडी म्हटलं की "अजून किती वर्षं आम्ही पोसायचं?" असं विचारणारे पालक मला भेटतात. त्यांना मी एक आकडा सांगते. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळालेल्या विद्यार्थ्याला २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे ते मूल शिकत असतं आणि घरी पैसेही पाठवू शकतं. फेलोशिप सगळ्यांना मिळत नाही, स्पर्धा मोठी आहे. पण ती आहे एवढंही न कळल्यामुळं कुणी थांबू नये. बोर्डाच्या निकालात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाकडं वळलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारनं ‘इन्स्पायर’ नावाची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आणली होती. त्या-त्या वर्षीच्या अटी आणि अर्जाच्या तारखा मुलाबरोबर बसून बघा. सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका.

मुलींच्या आईबाबांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. माझ्या वर्गात आता मुलीच जास्त असतात. त्यातल्या कितीतरी जणी मला हसत सांगतात, "मॅडम, पदवी झाली की स्थळ बघणारेत." म्हणजे तोही एक ‘सध्या’च. हळदीपर्यंतचा.

कमला सोहोनींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. माहेरच्या कमला भागवत. १९३३मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठातून बीएस्सी केलं, तेही पहिल्या येऊन. पुढं बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत संशोधन करायचं होतं. तेव्हाचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत, रामन यांच्यापुढं आपलं म्हणणं लावून धरलं. शेवटी एक वर्ष परीक्षेवर ठेवायच्या अटीनं प्रवेश मिळाला आणि त्या वर्षात त्यांनी रामन यांना मत बदलायला लावलं. पुढं केंब्रिजला जाऊन पीएचडी केली, परत येऊन आयुष्यभर आपल्या डाळी, दूध, नीरा यांच्यातल्या पोषणावर काम केलं. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बेंगळुरूच्या त्याच संस्थेत शिकलेले. घरात रसायनशास्त्र बोललं जात होतं, हा त्यांचा मोठा आधार.

तुमच्या घरात शास्त्रज्ञ नसेल. माझ्याही माहेरी नव्हता. पण विज्ञानाचं बोलणं घरात आणता येतं. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन, रामन यांच्याच शोधाचा दिवस. त्या सुमारास पुण्यातल्या आयुकासारख्या संस्था लोकांसाठी दारं उघडतात. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिथं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि गावोगावची शाळा-कॉलेजची मुलं आपले प्रयोग घेऊन येतात. देवदर्शनाला गाडी करतो तशी एखाद वर्षी तिकडं करा. त्या जाळीच्या तबकड्यांखाली उभं राहून मुलीला विचारा, "हे काय गं?" आणि तिला सांगू द्या.

आता माझ्या घरचं सांगून थांबते. लेक एसवायला आहे. परवा संध्याकाळी आली ती चेहरा पाडून. मी भाजी निवडत होते. म्हटलं, "काय बिघडलं आज लॅबमध्ये?" चार दिवस जपलेल्या तिच्या अगार प्लेटवर बुरशी आली होती. जिवाणू वाढवायचे होते, वाढली बुरशी. बुरशीतून पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगची गोष्ट सांगायचा मोह मी गिळला. ती माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे आणि त्या क्षणी तिला फ्लेमिंग नको होता. ती बोलत राहिली. झाकण किती वेळ उघडं राहिलं असेल, ज्योत विझली होती का, की वरचा पंखा कुणी चालू केला. भाजी निवडून झाली, कढईत पडली, शिजली, तरी बोलणं चालूच. शेवटी तिनंच निकाल दिला, "पंखाच असणार. उद्या परत करते."

मागच्या आठवड्यात सत्यनारायणाच्या पूजेला त्याच मावशी परत भेटल्या. प्रसादाचा द्रोण हातात, आणि तोच प्रश्न, "काय करते गं लेक?"

"बीएस्सी करतेय, मायक्रोबायोलॉजी," मी म्हणाले.

त्या थोड्या थांबल्या. पुढं काहीतरी येईल म्हणून वाट बघत असाव्यात. मी शिऱ्याचा घास घेतला. पलीकडं लेक कुणाला तरी द्रोण देत होती. देता देता तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं.